साजवाल्याच्या घरी शिवलेला बूट

माझ्या उजव्या पायाला तीनच बोटं आहेत. आता हे मी सहज सांगते. पण ज्या वर्षी दोन बोटं गेली, त्या वर्षी कुणी घरात आलं की मी पाय लुगड्याच्या काठाखाली ओढून घ्यायची.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. दुसरबीडला मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते, आणि आमची शाळा नुकतीच जिल्हा परिषदेकडे आली होती. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, त्यानंतर ट्रेनिंग करून मी ही नोकरी मिळवलेली. शाळा सुटली की वस्त्यांवर जायचं आणि पोरींना शाळेत धाडा म्हणून त्यांच्या आयांच्या मागे लागायचं, हे काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. अशाच एका फेरीत बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात शिरला. मी तो उपटून काढला, वरून बिब्ब्याचा चटका दिला आणि विसरून गेले. काट्याचं टोक आतच मोडलं होतं. हे मला कळलं तेव्हा चार महिने होऊन गेले होते, पाऊल सुजून भाकरीसारखं झालं होतं आणि आतलं हाड नासलं होतं.

बुलढाण्याला ऑपरेशन झालं. शेवटची दोन बोटं आणि त्यांच्या मुळाशी असलेलं हाड काढावं लागलं. डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलायचे. घरी सोडताना त्यांनी एका कागदावर मला बुटाचं चित्र काढून दिलं.

"दीड महिना पाय टेकवायचा नाही. मग असा बूट घालून चालायचं. तळ कडक हवा, वाकता कामा नये. आतून मऊ हवा. वरून कुठंही दाब पडायला नको. पुण्या-मुंबईकडे करून मिळतात."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर सहा महिने बसून काढा. जखम पुन्हा उकलली तर मला आणखी वर कापावं लागेल."

पुण्या-मुंबईला माझं कोण होतं? माझी थोरली बहीण मलकापूरला होती. भाऊजी रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ताईनं मला आपल्या घरी आणलं, खिडकीजवळ खाट टाकली आणि पाय उशीवर ठेवून दिला. दीड महिना मी गाड्यांच्या शिट्ट्या ऐकत पडून होते.

दीड महिन्यानंतर बुटाचा शोध सुरू झाला. बाजारातल्या चपलांच्या दुकानात भाऊजी मला हाताला धरून घेऊन गेले. दुकानदारानं पुरुषांचे तीन-चार बूट काढून ठेवले. पण बूट कुठलाही असो, आत जायचं म्हणजे पाऊल वाकवावंच लागतं, आणि वाकवलं की मला घाम फुटायचा. दुकानदार भला माणूस होता. त्यानं पाणी दिलं आणि अवघडून म्हणाला, "बाईमाणसासाठी बूट कोण ठेवते, साहेब?"

मग भाऊजींनी स्वतःचा नवाकोरा कॅनव्हासचा बूट काढला आणि कात्रीनं त्याचं पुढचं तोंड कापून टाकलं. मी अंगणात चार पावलं चालले. रबरी तळ प्रत्येक पावलाला वाकत होता, पण पुन्हा उभी राहिले याच आनंदात मी आणखी चार पावलं टाकली. संध्याकाळी पट्टी लाल झालेली दिसली.

त्या दिवशी मी रडले. ताई फरशी पुसता पुसता म्हणाली, "काऊन रडून राह्यली बापा? पाय नाई गेला तुहा, दोन बोटं गेली."

"शाळा गेली तर, ताई?"

ती फडकं बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन बसली.

दोन दिवसांनी दवाखान्यात पट्टी बदलून आम्ही दोघी टांग्यानं घरी येत होतो. टांगेवाला वाटेत सारखा मागं वळून माझ्या पायाकडे पाहत होता. शेवटी त्यानं विचारलंच. ताईनं सगळी हकिकत सांगितली, डॉक्टरांच्या कागदासकट.

"असं असं," तो म्हणाला. "माह्या घोडीच्या छातीले पट्ट्यानं मोठी जखम झाली होती. कोणाच्याच साजानं बरी होये ना. मंग एका चाचानं असा पट्टा शिवून देल्ला का घोडी कामावर राहून बरी झाली. त्याले पाय दाखवा."

"अरे, माणसाच्या पायाचं काम घोड्याच्या साजवाल्याकडं?" ताई रागावली.

"पाहून तं घ्या, बाई. नाई म्हनला तं मी घरी सोडून देतो, वेगळं भाडं नाई घेत." आणि आमचं उत्तर यायच्या आतच त्यानं टांगा वळवला.

साजवाल्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भिंतीवर लगाम, पट्टे, खोगिरं टांगलेली, सगळीकडे कातड्याचा आणि मेणाचा वास. पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं दोरा बांधून कानाला अडकवलेला. साजवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"मी जनावरांचं काम करतो, बाई. इन्सानाच्या पायाले कधी हात नाई लावला. काही कमी-जास्त झालं तं?"

मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. त्यानं तो उजेडाकडे धरला आणि इतका वेळ पाहत राहिला की ताई चुळबुळ करू लागली.

"घोड्याले बोलता येत नाई," तो कागदाकडे पाहतच म्हणाला. "खांदा सोलला तरी ते चालतच राह्यते. म्हणून साज चढवायच्या अगोदर आपणच हात फिरवून पाहा लागते, कुठं गरम हाये, कुठं अंग चोरते. तुमच्या पायाचंही तसंच करा लागीन. पण बाईमाणसाचा पाय हाये, ते मी नाई करू शकत." त्यानं आतल्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली, "अजी, जरा यांना आत घ्या."

पडद्यामागून त्याची बायको आली. माझ्या आईच्या वयाची, ठेंगणी, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. तिनं मला आत नेऊन बाजेवर बसवलं, स्वतः खाली बसली आणि माझा पाय उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला. मी तो झटकन मागे घेतला.

"नका हो भाभी, पायाला हात नका लावू."

"काऊन? पायच तं दुखते ना?"

तिनं पट्टी सोडली. मी सवयीनं भिंतीकडे पाहू लागले. दवाखान्यात पट्टी बदलताना मी कायम भिंतीकडेच पाहायची. दोन महिने होत आले होते आणि मी माझा पाय एकदाही नीट पाहिला नव्हता.

"पाहा, बाई," ती हळूच म्हणाली. "तुमचाच हाये."

मी पाहिलं. वाटलं होतं तेवढं भयंकर काही नव्हतं. पाऊल एका बाजूनं अरुंद झालं होतं, तळव्यावर आडवी गुलाबी रेघ होती, एका टोकाला अजून ओलसर. तिच्या तोंडावर ना किळस होती ना कीव. ती बोटानं एकेक जागा हलकेच दाबत होती आणि पडद्यापलीकडे नवऱ्याला सांगत होती.

"टाच चांगली हाये. चवड्याले गरम लागते."

"अंगठ्याखाली?" पलीकडून आवाज आला.

"अंगठ्याखाली काही नाई. बोटं गेली त्या बाजूले अंग चोरून राह्यल्या."

मग तिनं सुतळी घेतली आणि पायाच्या प्रत्येक मापाला एक गाठ मारली. अशा गाठी मारलेल्या पाच सुतळ्या पडद्याखालून बाहेर गेल्या. ताई दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. घरी आल्यावर, मघाशी रागावलेल्या तिनंच टांगेवाल्याला चहासाठी थांबवून घेतलं, एवढंच सांगते.

आठ दिवसांनी बूट तयार झाला. दोन कातड्यांच्या मध्ये सागाची पातळ फळी बसवली होती, त्यामुळे तळ वाकत नव्हता. पुढचं टोक किंचित वर उचललं होतं, म्हणजे पाऊल न वाकवता पुढे कलंडायचं. आत खोगिराखाली घालतात तो नमदा होता, आणि गेलेल्या बोटांच्या जागी पिंजलेला कापूस भरून शिवलेली छोटी उशी. दिसायला इतका देखणा की मी हरखून गेले. पण पाय आत घालायला गेले तर तेच दुखणं. वर घोट्याशी तोंड अरुंद होतं, पाऊल वाकवल्याशिवाय आत जाईना. मी दात आवळून ढकलायला लागले.

भाभीनं माझा हात धरला. "थांबा." आणि पडद्याकडे वळून ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तुम्ही घोड्याले खोगिरात घालता का?"

"म्हणजे?"

"खोगीर घोड्यावर ठेवता अन् मंग बांधता ना? मंग हिच्या पायाले बुटात काऊन ढकलून राह्यले? पाय तळावर ठेवू द्या, अन् बूट वरून बांधा."

पलीकडे तो मोठ्यानं हसला. "चाळीस वर्षं खोगीर बांधून राह्यलो, अन् हे माह्या डोक्यात नाई आलं!"

त्यानं तो देखणा बूट माझ्या डोळ्यांदेखत उसवला. मला वाईट वाटलं, त्याला अजिबात वाटलं नाही. चार दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा बुटाची वरची बाजू थेट चवड्यापर्यंत उघडत होती, पुस्तकासारखी. मेंढ्याच्या मऊ कातड्याचे दोन पदर, त्यावर रुंद पट्टे आणि लगामाची दोन पितळी बकलं. मी पाऊल वरून अलगद ठेवलं. भाभीनं पदर मिटले आणि पट्टे ओढले, जास्त नाही, तिचं एक बोट आत जाईल इतकेच.

मी उभी राहिले. दुखलं नाही. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. बूट पुढे कलंडायचा आणि मीही त्याच्याबरोबर पुढे जायची. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले आणि वळले, तेव्हा ताईनं तोंडाला पदर लावला होता. भाभी मात्र कपाळाला आठ्या घालून माझ्या पाठीमागून पाहत होती.

"हिची कंबर वाकडी होऊन राह्यली," ती म्हणाली. "तो पाय उंच झाला. त्या दुसऱ्या चपलेले तळ लावा."

माझी डावी चप्पल त्याच वेळी पडद्याखालून बाहेर गेली आणि जाड तळ ठोकून अर्ध्या तासात परत आली. तेवढ्या वेळात आम्ही तिघींनी चहा घेतला. पैशाचं भाऊजींनी नंतर पाहिलं. साजवाला फक्त कातड्याचे घ्यायला तयार होता आणि त्या दोघांची त्यावरून बरीच हुज्जत झाली, असं ऐकलं.

रजा संपायच्या आत मी दुसरबीडला हजर झाले. एस.टी.तून उतरले तेव्हा स्टँडवरच्या हॉटेलात बसलेल्या माणसांनी माना वळवल्या. नऊवारी लुगडं, एका पायात चप्पल आणि दुसऱ्या पायात पितळी बकलांचा बूट! कुणीतरी म्हणालंही, "मास्तरीणबाई पलटणीत भरती झाल्या काय?" मला हसू आलं. पलटणीतल्या शिपायाला असा बूट कुठून मिळणार? शाळेतल्या पोरींना तर त्याचं भलतंच कौतुक वाटलं. बकल कसं लागतं ते पाहायला पहिले चार दिवस माझ्याभोवती घोळका असायचा. वस्त्यांवरच्या फेऱ्याही पुन्हा सुरू झाल्या, पहिल्यांदा जवळच्या, मग लांबच्या. काही घरांत बूट पाहूनच बोलणं सुरू व्हायचं, आणि बुटावरून पोरीच्या शाळेपर्यंत यायला मला फार वेळ लागायचा नाही.

पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आधी, आम्ही पोरींना लोणारला नेलं. मी ठरवलं होतं, काठावर बसून राहायचं आणि पोरींना दुसऱ्या मास्तरांबरोबर खाली तळ्याकडे धाडायचं. पण पोरी उतरायला लागल्या आणि मला बसवेना. मीही उतरले. एक एक पायरी, टाच आधी, झाडाला धरून. खाली खाऱ्या पाण्याच्या काठाशी पोहोचले तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. येताना दोनदा बसावं लागलं, पण वर आले ती स्वतःच्या पायांनी.

घरी येऊन मी त्याच आठवड्यात मलकापूरला पोस्टकार्ड टाकलं. साजवाल्याला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून ताईला लिहिलं की जाऊन वाचून दाखव. मी त्यात बरंच काही लिहिलं होतं. तुमचे हात, तुमचे उपकार, माझी नोकरी, असं सगळं. एका बाजूला मावलं नाही म्हणून पत्त्याच्या बाजूलाही बारीक अक्षरात लिहिलं.

ताईचं उत्तर आलं. तिनं कार्ड वाचून दाखवलं तेव्हा चाचा पट्टा शिवत होते. त्यांनी हातातली कातडं टोचायची आर खाली ठेवली आणि पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. भाभी पडद्यामागून ऐकत होती. तिनं मला निरोप दिला होता, आणि ताईनं तो जसाच्या तसा लिहून पाठवला होता: "त्या तळ्याच्या खाऱ्या पाण्यानं बूट भिजला असीन तं गोड्या पाण्यानं पुसून घ्या. उन्हात ठेवू नका, कातडं तडकते. सावलीत वाळवा. अन् दिवाळीले याल तं पाय दाखवून जा."

दिवाळीला मी गेले. बूट तिनं वरवर पाहिला आणि बाजूला ठेवला. मग खाली बसली आणि पाय मांडीवर घेतला. या वेळी मी तो मागे घेतला नाही.