दोस्ताचे केस

माझ्या दोस्ताचे केस म्हणजे तिरुवल्लिकेणीतलं एकमेव जंगल. कंगवा आत शिरला की निम्मे दात तिथंच ठेवून बाहेर यायचा, आणि मरीनावरचा वारा साऱ्या मद्रासच्या धोतरांना लोळवून शेवटी त्याच्या कपाळाशी येऊन हात टेकायचा. त्या केसांवरच त्याला सिनेमा मिळाला. शाळेतले दोन दोस्त मोठे होता होता काय काय उपद्व्याप करतात, असा विनोदी सिनेमा. हिरो दुसराच कोणी; हा हिरोचा दोस्त. इंटरला आपटलेला पोरगा, पण पाय जमिनीला लागेनात. "मला एकदा पडद्यावर बघू देत," तो म्हणायचा, "मग मी कारकुनीसाठी जन्मलो नाही हे अप्पांनाही पटेल."

अप्पांनी तेवढी वाट पाहिली नाही. एकच दृश्य उरलं होतं, आणि सकाळी आंघोळीला गेलेले अप्पा न्हाणीतच कोसळले.

आम्ही तंजावरची मराठी माणसं. रसम-भात ओरपू, मराठीत तमिळ कालवून बोलू, पण बाप गेला की मुलाचं क्षौर झाल्याशिवाय चितेला अग्नी नाही. न्हावी येऊन बसला. दोस्तानं मला कोपऱ्यात ओढलं. "थोडे दिवस थांबता येईल का रे? तेवढं दृश्य होऊन जाऊ दे."

त्याच्या काकांचे कान मांजराचे. "कशाला थांबायचं? अप्पाला तोवर बर्फात घालून ठेवतोस होय?"

तो मुकाट्यानं पाटावर बसला. केसांचा ढीग असा पडला, की त्यात एक गादी भरून दोन उशा उरल्या असत्या. मी हे सांगितलं की लोक हसतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

तेरावा झाल्यावर आम्ही कोडंबाक्कमच्या स्टुडिओत गेलो. एका नाटकवाल्याच्या हातापाया पडून मी केसांचा टोप मिळवला होता. तो घालून दोस्त उभा राहिला. डिरेक्टरनं टोप उचलून आत पाहिलं आणि पोट धरून हसला.

"फेक तो टोप! हेच पाहिजे."

दृश्य बदललं. दोन दोस्त कैक वर्षांनी भेटतात, आणि हिरो मिठी मारायच्या ऐवजी त्या डोक्यावर सणसणीत चापट देतो. आवाज नीट येईना म्हणून दुपारभर चापटा चालल्या. डोकं जास्वंदीसारखं झालं.

"साहेब, बापासाठी काढलेले केस आहेत ते," मी म्हणालो.

"लोकांना कुठं ठाऊक आहे?" डिरेक्टर म्हणाला.

ते खरंच होतं. सिनेमा लागला तेव्हा छपराचे पत्रे उडतील इतके लोक त्या चापटीला हसले. मग दुसरा सिनेमा आला, तिसरा आला. अट एकच, डोकं तुळतुळीत हवं. दर आठवड्याला वस्तरा. रस्त्यात पोरं "मोट्टै! मोट्टै!" करत मागं लागायची, मुंडण केलेल्याला तमिळमध्ये हीच हाक.

घरात मात्र आई त्याच्याकडे बघेना. ताट वाढायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. एकदा म्हणाली, "दर आठवड्याला कोण मरतंय रे आपल्या घरात?"

"आई, काम आहे ते माझं."

"असेल बाळा. पण तू समोर आलास की मला ते न्हाणीतून बाहेर आणलेले दिसतात."

हळूहळू तिचं जेवण सुटलं. अंगावरची साडी खुंटीवर टांगल्यासारखी दिसायला लागली. तेव्हा त्यानं वस्तरा बंद केला. आधी खुंट आले, मग काटे, मग मऊ केस. आई पुन्हा दोन घास खाऊ लागली. एका सकाळी ती त्याच्या डोक्याला तेल चोळत होती, मी शेजारी कॉफी पीत होतो, आणि स्टुडिओची गाडी दाराशी थांबली.

"मोट्टै आहे का घरात?" ड्रायव्हरनं बाहेरूनच हाक मारली.

आईचा हात थांबला. दोस्त उठला नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "जा, काहीतरी सांग. तुला जमतं."

मी उठलो. बाहेर जाऊन म्हटलं, "नाही."

"कुठं गेलाय?"

"वारला," मी म्हणालो.

ड्रायव्हर "अय्यो" म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला. आत दोघांनीही ऐकलं होतं. कोणी मला रागावलं नाही. आईनं तेलाची वाटी पुन्हा जवळ ओढली. पुढच्या महिन्यात दोस्त तांबरमच्या एका कचेरीत कारकून म्हणून लागला.