नुसतं तेल सोडायचं होतं

आमच्या ह्यांच्या नावानं बोटं मोडायला मला कारणांची कमी नाही. हट्टी आहेत, चिकित्सक आहेत, बाजारातून दोन वस्तू आणायला सांगितल्या तर तिसरीच घेऊन येतात. पण खोटं बोलणं काही त्या माणसाला जमत नाही. दारावर आलेल्या विक्रेत्याला "मालक घरी नाहीत" एवढं सांगायचं म्हटलं तरी ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. आणि हाच माणूस यंदाच्या सुट्टीपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

ह्यांचा जन्म छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर गेला. पातं जरा बोथट झालं की कागदाची कड केसाळ येते, मग मालक ओरडतो. तिथून ही धारेची खोड लागली ती जित्याची खोड. आमच्या घरात बोथट वस्तू खपत नाही. माझी कात्री, स्वयंपाकाची सुरी, बटाटे सोलायचं सालकाढणं, सगळं दर आठवड्याला धारेच्या दगडावरून जाऊन येतं. फक्त तुझी जीभ घासावी लागत नाही, ती मुळातच धारदार आहे, असं वर मलाच ऐकवतात.

ह्यांचे मित्रही तसलेच. मी त्यांना चाकूवाले म्हणते. ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई गुंडांच्या घरात राहते की काय! आमचे हे, टपालखात्यातले एक निवृत्त गृहस्थ, औषधाच्या दुकानातला कंपाउंडर आणि मास्तर. चौघांच्याही खिशात कायम घडीचा चाकू. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात ना, तसे हे एकमेकांना चाकू दाखवतात. "मूठ बघ", "घडी कशी बसते बघ", "आवाज ऐक". आवाज! चाकू मिटल्याचा आवाज ऐकायला चार म्हातारे कान लावून बसलेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

त्यांच्यात एक नियम आहे, आणि तो ह्यांनीच केलेला. दुसऱ्याचा चाकू बघावा, हातात घ्यावा, उघडावा, मिटावा. धारेला मात्र हात लावायचा नाही. "धार ज्याची त्याची असते," हे सांगतात. "दुसऱ्याच्या ताटात आपण मीठ घालतो का?" एकदा कंपाउंडरनं टपालवाल्यांचा चाकू गुपचूप घासून ठेवला, तर हे महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. टपालवाल्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती बरं का.

आमच्या भागापुरती एक सुट्टी असते. कशाची, हे विचाराल तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही, पण दुकानं बंद असतात आणि घरोघर तेच शिजतं: बटाटे, गाजरं, कांदे, वाटाणे, सगळं एका पातेल्यात मऊ होईस्तोवर, वर लोण्याचा गोळा, सोबत गरम पाव. आजारी माणसालाही चालेल असं साधं जेवण, पण वर्षभर त्याची वाट बघतात. त्या दिवशी चाकूवाले आमच्याकडे जमतात. पातेल्यात पडणारी एकूण एक भाजी खिशातल्या चाकूनंच चिरायची, माझ्या सुरीला त्या दिवशी बंदी. चौघांनी चार आकारांचे तुकडे केलेले असतात, त्यामुळे गाजर शिजतं तेव्हा बटाट्याचा लगदा झालेला असतो. तरी वाडगे चाटूनपुसून जातात.

आता मास्तरांचं सांगते. शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे. बायको गेली, लेकीकडे राहतात. गेल्या काही वर्षांत नजर अधू होत गेली. आता समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखतात. लेक गुणाची आहे, पण भित्री. तिनं आधी त्यांचं शेगडीजवळ जायचं बंद केलं, मग एकट्यानं रस्ता ओलांडायचं, मग जिन्यावरून खाली उतरायचं. राहिला होता फक्त चाकू. त्यानं मास्तर आपलं फळ आपण सोलून खायचे, नातीच्या पेन्सिलींना टोक करून द्यायचे, पार्सलची दोरी कापायचे. कुणाचीही मदत न घेता करता येण्याजोगं तेवढंच काय ते उरलं होतं. आणि लेकीनं बजावून ठेवलं होतं, "बाबा, एकदा जरी हात कापला ना, तर सगळे चाकू मी उचलून ठेवीन." हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ह्यांनाही.

सुट्टीच्या आधल्या आठवड्यात मास्तर आले होते. जाताना ह्यांच्या हातात चाकू ठेवून म्हणाले, "उघडताना जड जातोय रे. जरा तेल सोडून ठेव." नुसतं तेल सोडायचं होतं. ह्यांनी सांध्यात तेल सोडलं, दोनचार वेळा उघडमीट केली, पुसला. तिथे थांबावं की नाही? पण ह्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

मी तिथंच वाटाणे सोलत बसले होते. हे म्हणाले, "अगं, मास्तरांची धार पार गेलीय. मुळाशी तर बोटभर जागा नुसती गुळगुळीत झालीय. बिचाऱ्यांना दिसत नाही ना, दगडावर धरता येत नसेल."

"मग त्यांना विचारा," मी म्हटलं.

"विचारलं तर नाही म्हणतील. मानी माणूस. सुट्टीच्या दिवशी कांदा लोण्यासारखा कापला जाईल ना, तेव्हा त्यांचा चेहरा बघ."

आणि ज्या माणसानं कंपाउंडरला महिनाभर वाळीत टाकलं, तो दगड ओला करून बसला. टोकापासून मुळापर्यंत अशी धार लावली की मनगटावरचे केस उडाले. मला दाखवलंही. मीही "वा" म्हणाले. कशाला खोटं बोलू, त्या वेळी मला ते प्रेमाचंच वाटलं होतं.

सुट्टीच्या दिवशी हे मास्तरांना म्हणाले, "घ्या, तेल सोडलंय." धारेचं काही बोलले नाहीत, गंमत करायची होती ना! मास्तर खुर्चीत बसले, मांडीवर ताट घेतलं, पहिला बटाटा उचलला. अंगठा पात्याच्या मुळाशी टेकवला आणि बटाटा फिरवला.

रक्त आधी मला दिसलं. मास्तरांना काय झालं हे कळायलाही वेळ लागला. ताटातले बटाटे लाल झाले. टपालवाले टॉवेल आणायला धावले, कंपाउंडरनं अंगठा दाबून धरला. जखम खोल होती, पुढे टाके पडले. पण त्या गडबडीत मास्तरांनी काय केलं ते मी पाहिलं. त्यांनी दुसऱ्या हातानं चाकू चाचपला, बोट पात्यावर आडवं सरकवत मुळाशी नेलं, आणि तिथं थांबले. मग त्यांनी मान ह्यांच्या दिशेनं वळवली.

ह्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. मास्तरांना तो दिसला नसणार, पण ते चटकन म्हणाले, "माझंच चुकलं. तेलाला द्यायच्या आधी मीच दगडावर घासला आणि विसरलो बघा."

तेव्हा कुठं आम्हाला उमगलं, ती गुळगुळीत जागा मास्तरांनी मुद्दाम केली होती. दिसेनासं झाल्यावर अंगठा टेकवायला म्हणून स्वतः घासून घासून बोथट केली होती. धार कुठं सुरू होते ते त्यांना अंगठ्यावरून कळायचं. ह्यांनी त्यांचा डोळाच काढून घेतला, आणि तोही प्रेमानं.

लेक धावत आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती रडायला लागली. वडिलांचा खिसा तपासून चाकू काढून घेतला, आणि आम्हाला म्हणाली, "दिसत नाही ते मी समजून घेत होते. पण आता स्वतः केलेलंही लक्षात राहत नाही त्यांच्या." त्याच संध्याकाळी जावयानं घरातले सगळे चाकू डब्यात भरून आपल्या कचेरीतल्या कपाटात नेऊन ठेवले. पातेलं शेगडीवर तसंच राहिलं. कालवण कुणी जेवलं नाही.

सगळे गेल्यावर मी ह्यांना धरलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"मास्तर बोलून गेले. त्यांना चारचौघांत खोटं पाडू?"

"सोयीचं आहे हो! आणि त्यांच्या डोक्यावर विसरभोळेपणाचा शिक्का बसला तो?"

ह्यांनी खिशातला स्वतःचा चाकू काढून कपड्यांच्या घड्यांखाली ठेवला, तो परत घेतलाच नाही. पाव हातानं तोडायला लागले. माझी सुरी बोथट झाली, तिच्याकडे बघितलं नाही. जेवताना घास हातातच राहायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथं तर माणूस न खाताच झुरत होता. मला राग यायचा आणि कीवही यायची. राग जास्त. मग बातमी आली की लेक मास्तरांना डॉक्टरकडे नेऊन आली, विसरण्याच्या आजाराची तपासणी करायला. त्या दिवशी मी पातेलं आपटलं आणि म्हटलं, "उठा. आज जाऊन सांगणार आहात की मी जाऊन सांगू?"

"मीच सांगतो," हे म्हणाले. "सोबत ये पण."

मास्तरांच्या लेकीनं दार उघडलं, पाणी दिलं. हे बसलेसुद्धा नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "बाळ, तुझे बाबा काही विसरलेले नाहीत. ती धार मी लावली होती. त्यांनी फक्त तेल सोडायला दिला होता. मी न विचारता दगडावर घातला, सगळं मुळापर्यंत घासलं. चूक माझी आहे. त्यांनी मला सांभाळून घेतलं."

एका दमात बोलले. मला बाई हलकं वाटलं. म्हटलं, सुटलो.

तिनं ह्यांच्याकडे पाहिलं. मग तिचे डोळे भरून आले आणि ती चक्क हसली. "काका," ती म्हणाली, "तुम्ही? तुम्ही दुसऱ्याच्या चाकूला धार लावाल? कंपाउंडरकाकांशी तुम्ही महिनाभर बोलला नव्हतात, हे बाबा अजून हसून सांगतात."

"लावली ग. खरंच लावली. हिला विचार, ही समोर होती."

"खरं आहे," मी म्हटलं. "मी पाहिलं."

"काकू, तुम्हीपण!" तिनं माझा हात धरला. "बाबांसाठी तुम्ही दोघं एवढं करताय. पण त्यांनी स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं ना, मी घासला म्हणून? तुम्ही असा दोष अंगावर घेतलात तर मी चाकू परत देईन, आणि पुढच्या वेळी बोट तुटेल. नको. तुमच्यासारखे मित्र आहेत म्हणून तर मला धीर आहे."

ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या नव्हत्या, कारण खोटं बोललेच नव्हते. पण ते तिला कुठून कळणार?

ती चहा ठेवायला आत गेली. आम्ही मास्तरांच्या खोलीत गेलो. ते पलंगावर बसले होते, अंगठ्याला पट्टी. बाजूला वाटीत सफरचंदाच्या फोडी होत्या, साल काढून, बिया काढून, लहान मुलाला देतात तशा. काळ्या पडल्या होत्या.

"या वहिनी," ते म्हणाले. "आवाज येत होता. सगळं ऐकलं मी."

हे त्यांच्या पायाशी खालीच बसले. "मास्तर, माझ्यावर तिचा विश्वास बसत नाही. तुम्हीच सांगा तिला. एकदा सांगा, खरं काय झालं ते."

मास्तरांनी चाचपून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सांगितलं रे, परवाच. तू जेवत नाहीस असं कंपाउंडर म्हणाला, म्हटलं पुरे झालं आता. धार काकानं लावली होती, मी उगाच माझं नाव घेतलं, असं तिला स्पष्ट सांगितलं."

"मग?"

"मग काय. माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. म्हणाली, 'बाबा, तुमचा गोंधळ होतोय.' आणि लगेच डॉक्टरांना फोन केला."