आत्याचं अभिनंदन

महिनाभर परदेशात राहून जन्माला पुरेल एवढं परदेशी होऊन आलेलं माणूस पाहायचं असेल, तर गंगापूर रोडला माझ्या बहिणीकडे जा. दार माझी भाची उघडेल. सोळा वर्षांची आहे. मात्र आधी फोन करून जा, कारण न कळवता कुणाकडे टपकणं तिकडे असभ्य समजतात. ‘तिकडे’ म्हणजे नेदरलँड्समध्ये. तिथे तिची आत्या राहते. दहावीची परीक्षा आटोपली आणि पोरगी सुट्टीला तिच्याकडे गेली. गेली तेव्हा ती माझी भाची होती, परत आली ती आत्याची होऊन.

मला त्या आत्याचा हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, पन्नाशीच्या माणसाला हे शोभत नाही. न शोभू दे. कान टोचताना पोरगी माझ्या मांडीवर बसून रडली, सायकल तिला मी शिकवली, दर रविवारी सकाळी मिसळ खायला ती माझ्याच स्कूटरवर मागे बसायची. ‘मामा म्हणतो’ म्हटलं की त्या घरातला वाद संपायचा. आत्याने काय केलं? कधीमधी येताना चॉकलेटं आणली. आणि आता ‘मामा म्हणतो’ बंद पडून सगळीकडे ‘तिकडे ना’ सुरू झालंय.

तिकडे ना, चहाबरोबर एकच बिस्कीट देतात आणि डबा बंद करतात. हे ऐकवून तिने माझ्या हातावर चिमूटभर चिवडा ठेवला आणि बरणीचं झाकण लावलं. माझ्याच घरात, माझ्याच बरणीचं. तिकडे ना, माणसं मनात असेल ते तोंडावर बोलतात. माझ्या बायकोने कौतुकाने विचारलं, “वांग्याची भाजी कशी झालीय गं?” तर ही म्हणाली, “ठीक आहे मामी. मीठ जास्त पडलंय.” मीठ जास्तच होतं. पण ते न बोलण्यावर माझा आजवरचा संसार उभा आहे.

माझं खरं दुखणं मात्र वेगळंच होतं. तिचा वाढदिवस यंदा तिकडेच झाला. मी व्हिडिओ कॉल लावला तर आत्याच्या हॉलमध्ये सगळे गोलात खुर्च्या मांडून बसलेले, आणि दारातून येणारा जो तो आत्याचा हात हातात घेऊन हलवतोय.

“आत्याचाही आजच असतो का गं?” मी विचारलं.

“नाही रे मामा. इकडे वाढदिवसाला घरच्या माणसांचंही अभिनंदन करतात. आपली मुलगी आहे म्हणून.”

घ्या. मांडी माझी भिजली आणि अभिनंदन आत्याचं. त्या दिवशी मी केकचा फोटोसुद्धा मोठा करून पाहिला नाही.

परतल्यावर पहिल्या रविवारी ती झोपेतच होती. दुसऱ्या रविवारी मी खाली उभा राहून हॉर्न वाजवला, तर गॅलरीतून म्हणाली, “मामा, आधी ठरवायला हवं होतं ना. मी मैत्रिणीला वेळ दिलीय.” मी एकटाच गेलो. एकट्याने मिसळ खाऊन बघा कधी, पापडसुद्धा घशाखाली उतरत नाही. मला वाटलं, संपला आपला रविवार.

मग लाज गुंडाळून ठेवून मी बुधवारीच फोन केला. रविवार मिळाला. स्कूटरवर मागे बसल्या बसल्या तिने मला लाल सिग्नलला थांबवलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मागून एक रिक्षा आली आणि रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, “काका, पेट्रोल संपलं का?”

मिसळ आली. मी पाव मोडत होतो. तेवढ्यात ती म्हणाली, “अरे, राहूनच गेलं. मामा, हात दे.”

“कशाला?”

“वाढदिवसाला शेजारचे आजोबा आले होते. त्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं आणि विचारलं, आणखी कुणाचं राहिलं का? मी म्हटलं, माझ्या मामाचं राहिलं, तो नाशिकला असतो. मग त्यांनी माझाच हात हलवला आणि म्हणाले, हे त्याला पोचतं कर.”

तिने टिश्यूने बोटं पुसली, ताठ बसली आणि माझा रश्शाने माखलेला हात हातात घेऊन नीट हलवला. “अभिनंदन, मामा.”

मी मान वळवून पोऱ्याला पाणी मागितलं. म्हटलं, “तर्री आज फारच जळजळीत आहे.”

“तर्री नेहमीसारखीच आहे, मामा. तू रडतोयस.”

तिकडे असं तोंडावर बोलतात.

बारावीनंतर शिकायला तिकडेच जायचं म्हणते. जाईलही, आत्याने खोली मोकळी ठेवलीच आहे. तोवर मी आपला दर बुधवारी फोन करतो आणि रविवार मागून घेतो.