जेवायला बोलावलेले हमीदार

गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या तोंडी एकच शब्द बसला होता: मॅम. मॅम म्हणतात, मॅमना वाटतं, मॅमनी सांगितलंय. मॅम म्हणजे तिच्या विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाई. सायप्रस बेटावरच्या ग्रीक, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या आणि दिसायला माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला त्यांचा मत्सर वाटायचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्या मनाचा मोठेपणा शोधत बसायला नको.

आम्ही अमिरातीतल्या अल ऐनला राहतो त्याला तेवीस वर्षं झाली. मूळचे रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका मोहल्ल्यातले. नवरा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, तीन आठवडे तिकडे आणि तीन आठवडे घरी. मी एका हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर. पेशंटच्या ऑपरेशनआधी विमा कंपनीचं हमीपत्र येतं, ते वाचायचं आणि डॉक्टरांना हो किंवा नाही कळवायचं, हे माझं काम. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. मी मराठीत बोलते, ती इंग्लिशमध्ये उत्तर देते, आणि त्यावाचून आमचं कधी काही अडलं नव्हतं.

तिच्या प्रबंधाचा विषय मला गाडीत कळला. अल ऐनमध्ये महत्त्वाचं बोलणं गाडीतच होतं, कारण घरी प्रत्येकाच्या हातात फोन असतो. सायप्रसमधल्या दोन समाजांना बाहेरच्या देशांनी दिलेली सुरक्षेची हमी, असा तो विषय. ती सांगत होती की बेट स्वतंत्र झालं तेव्हा ब्रिटन, ग्रीस आणि तुर्कस्तान या तिघांनी त्याची हमी घेतली, आणि चौदा वर्षांत त्याच हमीच्या नावाखाली तुर्कस्तानची फौज उतरून बेटाचे दोन तुकडे झाले. उत्तरेला तुर्क, दक्षिणेला ग्रीक, मधे तारेचं कुंपण. आजही वाटाघाटी सुरू झाल्या की गाडी याच हमीपाशी अडते. ग्रीक म्हणतात, तुर्कस्तानची फौज जाऊ दे, आम्हाला तिचीच भीती आहे. तुर्क म्हणतात, ती गेली तर आम्हाला कोण आहे?

"सेम सोल्जर, अम्मी," ती म्हणाली. "वन साइड स्लीप्स बिकॉज ऑफ हिम. द अदर साइड कान्ट."

मी म्हटलं, हमीपत्राचं मला सांगू नकोस, मी दिवसाला चाळीस वाचते. पहिल्या पानावर कंपनी आईसारखी बोलते आणि दुसऱ्या पानावर सासूसारखी. मनात आलं की कधीही मधे पडता येईल, असं एक कलम कुठेतरी असतंच. यावर तिने सिग्नलला फोन काढून माझं वाक्य लिहून घेतलं. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी कोळंबी सोलायला काढली. दोन दिवसांनी ती म्हणाली, "मॅम सेड समथिंग लाइक दॅट. बट मच बेटर."

असं बरंच होतं. मुलीने चहा सोडलाय हे मला माहीत नव्हतं, मॅमना होतं. तिचं डोकं कधी दुखतं, कुठल्या मैत्रिणीशी बोलणं बंद आहे, सगळं मॅमना माहीत. एकदा तिला घ्यायला मी त्या बाईंच्या फ्लॅटवर गेले. बाईंनी आग्रहाने आत बोलावलं, केक कापला आणि म्हणाल्या, चमचे आण गं. मुलगी उठली आणि न विचारता बरोबर तिसरा खण उघडला. माझ्या घरात तिला अजून भाकरीचा तवा सापडत नाही. केक चांगला होता. मी अर्धाच खाल्ला.

बाई वाईट होत्या असं मुळीच नाही. तसं असतं तर किती सोपं झालं असतं. पाच-सहा वर्षांच्या असताना बेटाच्या उत्तरेकडचं घर टाकून आई-वडिलांबरोबर दक्षिणेला आल्या होत्या. त्यांच्या घरात आता दुसरंच कुटुंब राहतं. हे त्या रडून सांगत नसत, पत्ता सांगावा तसं सांगत. एवढं सोसलेल्या बाईवर जळणं मला शोभत नाही, हे कळून मला त्यांचा आणखीनच राग यायचा.

मग एके दिवशी मुलीने जाहीर केलं की ती चार महिने सायप्रसला जाणार. दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या बायकांना भेटायचं, त्यांच्या मुलाखती घ्यायच्या, आज इकडे तर उद्या कुंपणापलीकडे. राहायचं मॅमच्या बहिणीकडे. सगळं ठरलं होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

मी नाही म्हटलं. फौज आहे, कुंपण आहे, आपला पासपोर्ट भारताचा, मुलीची जात, एकटी. सगळी कारणं खरी होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. मला बेटाची भीती वाटत नव्हती. चार महिन्यांनी ती परत येईल, पण त्या बाईंची होऊन येईल, ही भीती होती. नुकत्याच प्लॅटफॉर्मवर गेलेल्या तिच्या बापाला फोन लावला तर तो म्हणाला, तुम्ही दोघी ठरवा, इथे नेटवर्क नाही. त्यानंतर दोन आठवडे आमच्या घरात दोनच शब्द चालू होते. सकाळी मी म्हणायची "यल्ला", म्हणजे चल, आणि काहीही विचारलं की ती म्हणायची "खलास".

तेव्हा मला मोहल्ल्यातली रीत आठवली आणि मी माझी मोठी चूक केली.

आमच्याकडे दोन घरांचं वाजलं की जमात बसते, म्हणजे मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं. दोन्ही घरांनी आपापला एक माणूस आणायचा, शक्यतो दुसऱ्या गावचा. दोघांनी सगळ्यांसमोर म्हणायचं, आमच्या बाजूने मी जबाबदार. तसं म्हणून झालं की समोरचा चहा प्यायचा, तोवर कपाला हात लावायचा नाही. लहानपणी आमच्या ओटीवर असा थंडगार झालेला चहा आईने कितीदा तरी ओतून टाकलेला मी पाहिलाय. पण भांडणं मिटायची. निदान मला तरी तसं आठवतं.

मी मुलीला म्हटलं, शनिवारी दुपारी जेवायला बसू. माझ्या बाजूने तुझा मामू येईल, तुझ्या बाजूने तुझ्या मॅमना बोलाव.

तिने हातातला फोन खाली ठेवला. "यू वॉन्ट मी टु ब्रिंग अ गॅरंटॉर? अगेन्स्ट यू?"

"माझ्याविरुद्ध कशाला? तुझ्या बाजूने."

"दॅट्स व्हॉट दे ऑल सेड, अम्मी," ती म्हणाली आणि फोन घेऊन आत गेली.

माझा भाऊ दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे. दीड तास गाडी चालवून आला, बूट काढता काढता म्हणाला, "आपा, टेन्शन घेऊ नकोस. मी बघतो ना." मला बरं वाटलं. मी पहाटेपासून राबले होते. सांदणं वाफवली होती, कोंबडीचं सालन, कोळंबीचा पुलाव. खरं सांगायचं तर हे सगळं मुलीच्या भवितव्यासाठी नव्हतं, त्या बाईंनी एकदा बघावं म्हणून होतं. बाई आल्या त्या घरी केलेलं हलूमी चीज घेऊन, वर सुकवलेला पुदिना. मुलीने ते लगेच तव्यावर टाकलं. किती जाडीचे तुकडे करायचे, कधी उलटायचे, तिला सगळं येत होतं.

टेबलाच्या एका बाजूला मी आणि भाऊ, समोर मुलगी आणि बाई. भावाने मीटिंग सुरू करावी तसा घसा साफ केला. म्हणाला, मी या घरातर्फे जबाबदार आहे, आणि माझ्या काही अटी आहेत. रोज व्हिडिओ कॉल. कुंपणापलीकडे एकटीने जायचं नाही. सहा महिन्यांवर एक दिवस गेला तर इथली रेसिडेन्सी जाईल, त्याची लेखी खात्री. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, माझी बहीण तिला स्वतःच्या मुलीसारखी सांभाळेल, तिची सगळी जबाबदारी मी घेते.

स्वतःच्या मुलीसारखी. मी सालनाचा डाव जरा जोरातच भांड्यात टाकला.

"अँड व्हेन शी क्रॉसेस? हू प्रोटेक्ट्स हर?" भावाने विचारलं.

"देअर आर यूएन सोल्जर्स इन द मिडल," बाई म्हणाल्या. पण खरा धोका म्हणजे कुंपण ओलांडायची रांग, त्यांनी पुढे इंग्लिशमध्येच सांगितलं. त्यांच्या काकूचे त्या रांगेत उभ्या-उभ्या दोन स्वेटर विणून झाले होते.

भाऊ हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. मग कळलं की बाईंचे वडील मासेमारी करायचे, आणि आमचे आजोबाही होडीवर होते. झालं. जाळी, वारा, कुठला मासा कुठल्या महिन्यात. दहा मिनिटांनी पाहते तर मी माझ्या बाजूने बोलावलेला माझा सख्खा भाऊ त्या बाईंच्या ताटात कोळंबी वाढत होता. मुलगी नेलीच होती, आता माझा माणूसही नेला. मी चहा टाकायचं निमित्त करून उठले. मागोमाग रिकामी भांडी घेऊन मुलगी आत आली.

चहा झाल्यावर तिने दोन कप बाहेर नेऊन दिले. मग आम्ही दोघी ओट्याशी उभ्या होतो आणि बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. दोघे हमीदार फारच छान जमवून घेत होते. चारऐवजी दोन महिने करू. दोन महिन्यांनी रिव्ह्यू. मधे भाऊ स्वतः जाऊन बघून येईल, त्यालाही ते बेट बघायचंच आहे. फोनचं लोकेशन चौघांना दिसेल असं ठेवू. भावाचा आवाज समाधानी होता. "फेअर टु बोथ साइड्स," तो म्हणाला.

"टू मंथ्स?" मुलगी कुजबुजली. "हू सेड टू मंथ्स?"

"मी तर एक दिवसही म्हटलं नव्हतं," मी म्हटलं.

"आय सेड फोर."

"मग दोन कुणाला हवेत?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि आम्हाला हसू फुटलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा. ती सिंकला धरून हसत होती, मी पदरात तोंड खुपसून. बाहेरून भावाने विचारलं, काय झालं, तर ती ओरडली, "नथिंग, मामू, कॅरी ऑन!"

मग मी तिला ते विचारलं जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. तुला तिथे जाऊन नक्की काय करायचंय? ती म्हणाली, हमी कोणी कोणाला दिली यावर कपाटभर पुस्तकं आहेत. पण ज्या बायकांच्या नावाने ती दिली गेली, त्यांना कोणी विचारलेलं तिला कुठे सापडलं नाही. हमी देणारा उद्या निघून गेला तर तुम्हाला कसली भीती वाटेल, आणि राहिला तर कसली, एवढंच तिला दोन्हीकडे विचारायचं होतं. बोलताना तिचे हात हलत होते. माझी आई असेच हात हलवायची. मॅमचं नाव तिने एकदाही घेतलं नाही, हे मी मोजलं.

मी बाहेर गेले. त्या दोघांचा चहा पिऊन झाला होता. "चार महिने जाईल," मी म्हटलं. "लोकेशन कुणाला द्यायचं नाही. खलास."

"आपा, आमचं ठरलं होतं," भाऊ दुखावून म्हणाला.

"तुमचं ठरलं होतं," मी म्हटलं. बाई माझ्याकडे बघून हसल्या, चांगलं हसल्या, आणि मला तेही आवडलं नाही. पण त्या संध्याकाळी मी घरभर गुणगुणत होते. मला वाटत होतं, मी जिंकले. पोरीला पाठवणारी मी होते, ती माझ्या परवानगीने चालली होती, त्या बाईंच्या नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टेबलावर विद्यापीठाचा अर्ज ठेवला. पालकाची सही हवी होती. मी चष्मा लावला आणि कामावरच्या सवयीने सही करायच्या आधी दुसरं पान उलटलं. आणीबाणीच्या वेळी कोणाला कळवावं, असा रकाना होता, दोन ओळींचा. पहिल्या ओळीत मॅमचा नंबर होता.

मी तिच्याकडे बघितलं. तिला मी काय वाचतेय ते कळलं होतं.

"अम्मी, लिसन," ती म्हणाली. "इफ समथिंग हॅपन्स, तुला युनिव्हर्सिटीच्या ऑफिसचा कोणीतरी परका माणूस फोन करेल. फोनवर, असंच. तू एकटी असशील, अब्बा प्लॅटफॉर्मवर असतील. आय डोन्ट वॉन्ट दॅट. मॅम विल कम होम अँड टेल यू. शी विल सिट विथ यू."

मी हॉस्पिटलात काम करते. परक्या माणसाचा फोन कसा येतो आणि त्यानंतर बाई कशी खाली बसते, हे मी डेस्कच्या या बाजूने पुष्कळदा पाहिलंय. तिने माझा विचार केला होता, माझ्यापेक्षा जास्त केला होता. आणि तरी आतून अशी जळले की पेनाचं टोपण मला निघेना. माझ्या पोरीचं काही झालं तर ते त्या बाईंना माझ्या आधी कळणार होतं. काही मिनिटं का होईना, ती एकट्या त्यांची असणार होती.

मी सही केली. मग खालच्या रिकाम्या ओळीत माझा नंबर लिहिला. वरच्यापेक्षा जरा मोठ्या आकड्यांत.