वहिनींचा चुकीचा रकाना

नाव लिहिणार नाही. आमच्या मंडळातला जो कोणी हे वाचेल तो ओळखेल, आणि ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो तर सर्वांत आधी.

शिकागोच्या उपनगरांतल्या निम्म्या मराठी घरांचे टॅक्स रिटर्न हा गृहस्थ भरून देत असे. फुकट. मार्चमध्ये त्याच्याकडे कागद पोचवायचे, एप्रिलमध्ये मिठाईचा डबा. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नाहीत, म्हणून त्याने भरलेलं रिटर्न कोणी उघडूनही बघत नसे. सगळे त्याला काका म्हणत. वयाने माझ्याएवढाच, तरी मीही म्हणायचो.

माझा मित्र अचानक गेला, तेव्हा त्याच्या बायकोला मीच सांगितलं, "वहिनी, टॅक्समध्ये कशाला डोकं घालता? काकांकडे द्या." मुलगा तेव्हा शाळेत होता. पुढे कित्येक वर्षं वहिनी ऑफिस सांभाळून शनिवार-रविवारी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या किराणा दुकानात उभ्या राहिल्या. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, काय जिद्दीची बाई आहे! त्या जिद्दीत माझा सल्ला किती होता, हे मला फार उशिरा कळलं.

मुलगा कॉलेजला निघाला तेव्हा आर्थिक मदतीचा अर्ज भरायला त्यांनी मला बोलावलं. अर्जासाठी जुनं रिटर्न उघडलं, तर अगदी वरच, विवाहित की एकटे हे विचारणाऱ्या रकान्यात खूण: सिंगल. त्याच्या आधीच्या वर्षी सिंगल. त्याच्याही आधी सिंगल.

इथला नियम अवघड नाही. जोडीदार गेला, घरात मूल आहे, घर तुम्ही चालवता आणि पुन्हा लग्न केलेलं नाही, तर पुढची दोन वर्षं जोडप्याच्याच दराने कर भरता येतो. नंतर कुटुंबप्रमुखाचा दर. तोही सिंगलपेक्षा हलका. वहिनी सगळी वर्षं जास्त कर भरत आल्या होत्या. परतावा मागायला साधारण तीन वर्षं मिळतात. त्याआधीची वर्षं हातची गेली होती, आणि उरलेल्यांतल्या पहिल्या वर्षाची मुदत त्याच एप्रिलच्या मध्यावर संपत होती.

मी सुधारित रिटर्न तयार केली. वहिनी सही करेनात.

"काकांना काय वाटेल, भाऊजी? ह्यांच्या दिवसांना भटजींपासून सगळं त्यांनीच बघितलं."

मग मी त्यांच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. वहिनी शेजारी आहेत हेही त्याला सांगितलं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही.

"काका, वहिनींना सिंगल का दाखवलंत?"

"नवरा नाही म्हणजे सिंगलच की रे! तुझं काय मध्येच?"

"घरात मूल आहे. नियम वाचलात का?"

"तू मला शिकव आता! अरे, ग्रीन कार्डवाली बाई. पैसे परत मागितले की चौकशी मागे लागते. आणि इन्शुरन्सचे मिळालेत ना तिला? एकट्या बाईने हाव तरी किती करावी?"

मी फोन ठेवला. वहिनींनी पर्समधून चष्मा काढला.

"सही कुठे करायची, भाऊजी?"

चौकशी वगैरे काही आली नाही. पैसे आले, व्याजासकट.

गोष्ट तिथे संपली असती तर मी गप्प राहिलो असतो. पण मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात या माणसाने माइक हातात घेतला आणि म्हणाला, "आपल्या एका भगिनीचे अडकलेले पैसे यंदा आम्ही सोडवून आणले." टाळ्या पडल्या. कोणीतरी त्याच्या खांद्यावर शाल घातली.

"वहिनी, उठा," मी म्हणालो. "सांगा सगळ्यांना."

त्या समोरच बघत राहिल्या. "तुम्ही सांगा, भाऊजी. त्यांच्याकडे मला तुम्ही पाठवलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिला फोन केला, त्यानेच रिटर्न भरलेल्या एका विधुराला. त्याची मुलगी आठवीत आहे. तोही सिंगल निघाला. मग दुसरा फोन, मग तिसरा. प्रत्येकाला एकच विचारलं: तुमच्या रिटर्नवर वरती काय लिहिलंय, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंत का? आणि कोणी विचारलं की हे आत्ताच कसं सुचलं, तर वहिनींच्या परवानगीने काकांशी फोनवर झालेलं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं.

आता मार्चमध्ये त्याच्या घरासमोर गाड्या नसतात. माझा रस्ता तो नाही, पण जाताना मी तिकडूनच जातो. गाडी हळू करतो, खिडकीत तो दिसला तर हात करतो, आणि तो पडदा ओढेपर्यंत थांबतो.