पाणी आधी शेवटाला

माझं सासर आणि माहेर कालव्याच्या एकाच चारीवर. सासरचा ऊस चारीच्या तोंडाशी, बारामतीच्या हद्दीत. माहेरचं रान पार शेवटाला, इंदापूरच्या. लहानपणी कालवा सुटला तरी आम्ही कोरड्या चारीत खेळायचो, कारण पाणी तिथवर पोचतच नसे. ते कुठं मुरत होतं, हे लग्न झाल्यावर कळलं.

सरकारने चारीचा कारभार शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे दिला आणि नियम घातला: पाणी आधी शेवटाला, मग वर. अध्यक्षपद बाईसाठी राखीव झालं तेव्हा सासऱ्यांनी मला उभं केलं. सून सही करील, कारभार आपण बघू, एवढाच त्यांचा विचार. मला मात्र तो नियम मनापासून पटला होता. घरोघर जाऊन मी तो समजावला. बैठकीत सगळ्यांनी हात वर केले. हात वर करायला काय जातं म्हणा.

पहिलं पाणी सुटलं त्या सकाळी सासरे चारीतून आमच्या रानात पाणी घ्यायच्या दारावर खोरं घेऊन उभे होते, मागे भावकी. एक घाव घातला की पाणी उसात. उसाचे शेंडे पिवळे पडलेले मलाही दिसत होते.

"माहेराला पाणी न्यायला तुला खुर्ची दिली का?" त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आवाज तेवढा चढू दिला नाही.

"मामा, शेवटाची पाळी उद्या सांजच्याला संपतीया. तवा तुमचं दार मी माझ्या हातानं उघडीन. न्हाय उघडलं तर पद सोडीन."

ते खोरं खांद्यावर टाकून निघून गेले. त्या दिवशी घरात माझ्याशी कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्कूटीवरून शेवटाला गेले. चारी काठोकाठ वाहत होती, माणसं पाण्यात पाय सोडून बसली होती. मला भरून आलं. पाळी संपत आली तशी एकेकाने आपापली दारं बुजवली. एकच वाहत राहिलं, माझ्या थोरल्या भावाचं. रान कधीच भिजून झालं होतं. आता तो पाणी विहिरीत सोडत होता.

मी म्हटलं, दादा, वेळ झाली.

"इतकी वरसं वरच्यांनी घेतलं, तवा दार बुजवाय कुणी आलं न्हाय," तो म्हणाला. "एकदा हीर भरू दे."

त्यात खोटं काही नव्हतं. तोच राग लहानपणापासून माझ्याही पोटात आहे. हातातला फोन वाजत होता, सासऱ्यांचा. मी चपला काढल्या, भावाच्या हातातलं खोरं घेतलं आणि चिखल ओढून दार बुजवलं. त्याने अडवलं नाही. परक्या बाईकडं बघावं तसा बघत राहिला.

आई बांधावर भाकरी घेऊन आली होती. तिने सगळं पाहिलं होतं. सासऱ्यांचं दार उघडायला वर पोचायचं होतं, मी स्कूटीला किल्ली लावली. एरवी न जेवता निघाले असते तर तिने हाताला धरून बसवलं असतं. त्या दिवशी तिने फक्त भाकरीचं फडकं पुन्हा बांधलं.