सुभेदार परत आला

कमलवहिनी आमच्याकडून निघताना ‘येते’ म्हणत नसत, सरळ ‘जाते’ म्हणत. आईला ते अशुभ वाटायचं. ती टोकायची, तर वहिनी हसून म्हणायच्या, “काकू, हे ‘येतो’ म्हणूनच गेले होते ना?”

त्यांचा नवरा चीनच्या लढाईत बेपत्ता झाला. मेल्याची बातमी नाही, असल्याचीही नाही. इंदूर शहरात, जुनी इंदूर भागात, आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत त्या आणि सासूबाई राहायच्या. सासूबाईंना सगळी गल्ली आईजी म्हणे. मुलगा येतो म्हणून गेलाय, आला की बायको घरात दिसली पाहिजे, एवढंच आईजींचं म्हणणं. त्यामुळे वहिनींना नळ आणि आमचं घर सोडून कुठे जाता येत नसे. सणाला मात्र नव्या हिरव्या बांगड्या भराव्या लागत. “मी म्हणजे स्टेशनवरचं सामान, सुशी,” त्या म्हणायच्या. “मालक येईपर्यंत हलायचं नाही.”

लढाईचा एक गाजलेला पिक्चर टॉकीजमध्ये पुन्हा लागला. दुसरा भाग यायचा होता म्हणून जुना आधी दाखवत होते. आम्ही तिघी बायकांच्या बाजूला बसलो. शेवटी सुभेदार बर्फात मरतो, त्याला तिथेच अग्नी देतात आणि त्याच्या आईच्या हातात टोपी आणून देतात. आईजी ओक्साबोक्शी रडल्या. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. घरी येताना त्या हळूच म्हणाल्या, “कमल, तुझा भाऊ त्याच्या राऊ गावातल्या बालवाडीच्या नोकरीचं म्हणत होता ना? हो म्हणून टाक.”

वहिनींनी ट्रंक उन्हात ठेवली. साड्यांना इस्त्री केली. नळावर त्या चक्क गुणगुणायला लागल्या होत्या.

मग दुसरा भाग आला आणि आईजींनीच चला म्हटलं. त्यात सुभेदार जिवंत! कुण्या पहाडी मुलीनं त्याला वाचवलेलं, त्याला मागचं काही आठवत नव्हतं, मग डोक्याला मार लागून सगळं आठवलं. मधे बर्फात गाणी. मिशीसुद्धा खोटी वाटत होती. पुरुषांतून कुणीतरी ओरडलं, “अरे भिया, इसको तो जला दिया था ना!” सगळे हसले. मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता. सुभेदाराची आई त्याला दारात ओवाळत होती आणि आईजी पदरानं डोळे पुसत होत्या.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “बघितलंस? त्याची बायको घर सोडून गेली असती तर?”

“आईजी, पिक्चर आहे तो,” वहिनी म्हणाल्या.

“पहिला पण पिक्चरच होता ना?” आईजी म्हणाल्या. “भावाला नाही म्हणून कळव.”

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा वहिनी ट्रंकेतून साड्या काढून परत फळीवर रचत होत्या. मला बघून म्हणाल्या, “चांगला मेला होता गं. काय गरज होती त्याला उठवायची?”